आजीच्या चालीने राणीबाग

सुट्टीच्या आदल्या रात्री ठाकूरद्वारच्या चाळींतून बेत ठरतात तेव्हा बोलणं बहुधा एकाच वळणाने जातं. कुणी राणीबाग म्हणतं, कुणी नॅशनल पार्क, मग पेंग्विन, वाघ, म्युझियम, येताना चौपाटी अशी यादी लांबत जाते आणि आजी येणार की नाही हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. मला वाटतं, बेताची सुरुवातच तिथून व्हायला हवी. बरोबर येणाऱ्यांत सगळ्यात हळू कोण चालतं, सगळ्यात आधी कुणाला भूक लागते आणि दुपारी कोण झोपतं, एवढं लक्षात घेतलं की कुठे जायचं आणि काय गाळायचं याचा निम्मा निकाल लागतो. आधी ठिकाणांची यादी करायची आणि मग तिच्यामागे माणसं पळवायची, असं केलं की काय होतं ते बघायचं असेल तर रविवारी दुपारी चारला राणीबागेच्या फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं राहावं. पोरगं बापाच्या खांद्यावर झोपलेलं, आजी फुटपाथच्या कठड्याला टेकलेली आणि घरातले दोघे कर्ते एकमेकांशी न बोलता दोन दिशांनी येणाऱ्या टॅक्सींना हात करताहेत.

आजीपासून सुरुवात केली की ठाकूरद्वारकरांसाठी भायखळ्याची राणीबाग, म्हणजे कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, इतरांच्या पुढे जाते. अंतर चारेक किलोमीटर. गंमत अशी की जवळ असूनही ती रेल्वेने आडवळणाला आहे. चर्नी रोड पश्चिम रेल्वेवर, भायखळा मध्य रेल्वेवर. म्हणजे दादरला उतरा, पूल चढा, पूल उतरा आणि स्लो गाडीने उलटं मागे या. रविवारचा मेगाब्लॉक असला तर तेही रखडतं. आजीच्या गुडघ्यांचा दिवसभराचा कोटा त्या पुलावरच संपतो. भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं आणि मुलांना त्या गाडीचं अप्रूप असणारच, पण तिचा मार्ग भायखळ्याला जात नाही. महालक्ष्मीला उतरून पुन्हा टॅक्सी करावीच लागते. तेव्हा जाताना घरापासून सरळ टॅक्सी करावी. तिथे वाचवलेले पैसे दुपारी चिडचिडीच्या रूपाने परत द्यावे लागतात.

पण अंतरापेक्षा मोठं कारण सावली हे आहे, आणि ती योगायोगाने आलेली नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती, जिथे आता ख्रिस्ती दफनभूमी आहे. तिथून ती भायखळ्याला आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते नव्या बागेचं उद्घाटन झालं. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर ठाकूरद्वार वसलं आहे त्या जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव या बागेच्या आणि तिच्या आवारातल्या संग्रहालयाच्या उभारणीशी जोडलेलं आहे. प्राणी आले ते नंतर, १८९० च्या सुमारास, जागा वाढवून. म्हणजे जन्माने ही झाडांची बाग आहे आणि पिंजरे तिच्यातले पाहुणे. सुमारे ५३ एकरांत तीन हजारांवर झाडं आहेत, आणि तरी बहुतेक कुटुंबं एका पिंजऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना त्या झाडांखालून नुसती चालत जातात. एकशेऐंशी चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं राहणाऱ्यांना शहरातली सर्वांत दुर्मीळ चीज, म्हणजे कुणी उठवणार नाही अशी सावलीची जागा, इथे मिळते. ती तासभर वापरलीच नाही तर टॅक्सी करून आपण आलो कशाला?

शिवाय झाडांना रांग नसते आणि ती दुपारी झोपत नाहीत. कैलासपतीच्या झाडाशी मुलांना पाच मिनिटं थांबवून बघावं. फुलं फांदीच्या टोकाला येण्याऐवजी थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडासारख्या डहाळ्यांवर लागतात. खाली पडलेलं एखादं मांसल फूल तळहातावर घेतलं तर मधल्या गोल गोळ्यावर पुंकेसरांचा फणा वाकलेला दिसतो. आजी तत्काळ पिंडीवरचा नाग ओळखते आणि पुढची दहा मिनिटं नातवंडं तिची असतात. गोरखचिंचेचं खोड हे तर खोड वाटतच नाही, मातीची भिंत वाटते. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला तेव्हा उचलताना तो पडून फुटला, आणि तुकडे जोडून उभा केलेला तोच हा हत्ती. काळा घोडा या भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो एडवर्ड राजाचा घोडेस्वार पुतळाही १९६५ पासून या बागेतच आहे. हे सगळं एका संथ फेरीत, बसत-उठत होतं.

यावर पहिला आक्षेप मुलांचाच असणार, आणि तो रास्त आहे. त्यांना कैलासपती नको असतो, पेंग्विन हवा असतो. २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, मार्च २०१७ मध्ये ते लोकांना बघायला खुले झाले आणि बागेची गर्दीच बदलली. मुलांवर झाडं लादून त्यांचा दिवस आपल्या आवडीने भरायचा, हा मोठ्यांचा वेगळाच जुलूम आहे. पण इथे हट्ट आणि सोय यांचं भांडण नाही, प्रश्न क्रमाचा आहे. साडेनऊला फाटक उघडतं तेव्हा आत असावं आणि सरळ पेंग्विनकडे जावं. रांग लहान असते, मुलं ताजी असतात. वाघ-बिबटेही सकाळी हालचाल करतात, ऊन चढलं की कोपऱ्यात पाठ करून पडतात, आणि मग काचेवर टकटक करणारे काका सुरू होतात. तेव्हा प्राणी सकाळी अकरापर्यंत, तेही सगळे नाहीत, घरी ठरवलेले तीन-चारच. बाराच्या पुढे झाडं आणि जेवण.

दुसरा आक्षेप मोठ्यांचा: एवढं करायचं तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कला का जाऊ नये, तिथे खरं जंगल आहे. आहेच, आणि राणीबागेशी त्याची तुलनाच होत नाही. बिबट्याचं रान, शिवाय कान्हेरीची लेणी. पण चर्नी रोडहून बोरिवली गाडीने तास धरावा, फाटकापासून लेणी सहाएक किलोमीटर आत, आणि लेण्यांत दगडात कोरलेल्या पायऱ्या. कॉलेजातल्या भाचरांनी पहाटे निघून जावं असं ते ठिकाण आहे. सत्तरीची आजी आणि चार वर्षांचा नातू यांना घेऊन गेलं तर दिवसातला बराचसा वेळ प्रवासाचा आणि उरलेला वाट बघण्याचा होतो. मोठी बाग म्हणजे मोठा दिवस, ही समजूत मुळातच कच्ची आहे. उलट टोकाला मलबार हिलचा म्हातारीचा बूट आणि हँगिंग गार्डन. ती इतकी हाताशी आहेत की त्यांच्यासाठी अख्खा दिवस कशाला, कुठल्याही गुरुवारी संध्याकाळी शाळेनंतर जाता येतं.

तिसरा आक्षेप जुन्या लोकांचा. आमच्या वेळी पोळीभाजीचा डबा घेतला की निघालो, एवढा आराखडा कसला करताय? त्यांच्या वेळी राणीबाग ओस नसली तरी आजच्यासारखी तुडुंबही नव्हती. १ जानेवारी २०२३ ला एका दिवसात बत्तीस हजारांवर माणसं आत गेली. अशा दिवशी बेत न करता जाणं म्हणजे लालबागला दर्शनाच्या रांगेत लागण्यासारखंच. फक्त शेवटी राजा नाही. नाताळ, नवं वर्ष आणि मे महिन्यातले रविवार टाळावेत. बुधवारी बाग बंद असते, मात्र बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद. चाकरमान्यांना हा बारकावा माहीत असला तर एखादी कमी गर्दीची सुट्टी पदरात पडू शकते. डबा मात्र जुन्यांचाच खरा. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं. रस्सा नको, दही नको. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात आणि डबा कुठे उघडायला चालतो ते दाराशीच विचारून घ्यावं, म्हणजे पहिल्या घासाला शिट्टी ऐकावी लागत नाही. स्वच्छतागृह आत शिरतानाच बघून ठेवावं. नातवापेक्षा आजीला त्याची काळजी जास्त असते आणि ती बोलत नाही. पाणी कमी पिऊन भागवते आणि उन्हात तिला गरगरतं.

राहिला तिकिटाचा हिशेब. २०१७ मध्ये दर वाढले तेव्हा मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून ५० वर गेलं आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांसाठी १०० रुपयांचं कौटुंबिक तिकीट आलं. महापालिकेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे चौघं. गिरगावात आजी, आत्या आणि शेजारच्या खोलीतला बंटी धरल्याशिवाय कुटुंब पुरं होत नाही, तेव्हा वरचे सुटे पैसे जवळ ठेवावेत. तरीही एका सिनेमाच्या खर्चात इथे दोनदा येता येतं, आणि काय गाळायचं हे ठरवताना हीच गोष्ट उपयोगी पडते. पाणघोडा राहिला, संग्रहालय राहिलं, तर राहू द्यावं. अडीचला, मुलं अजून हसत असताना आणि फाटकाबाहेर रिकाम्या टॅक्सी मिळत असताना उठावं. पाणघोडा दिवाळीच्या सुट्टीत बघता येईल, आणि तोवर आजीला कैलासपतीचं झाड नेमकं कुठे आहे ते पाठ झालेलं असेल.