दोघांच्या मधली तिरकी रेघ

‘आरआरआर’ बघितलाय ना? मग सुरुवातीचा पुलाचा सीन आठवा. नदीत आग पेटलीय, मधे एक पोरगं अडकलंय. राम आणि भीम एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. लांबूनच हातवारे करून प्लॅन ठरतो. एक घोड्यावर, दुसरा मोटरसायकलवर, दोघांच्या मधे एक दोर. पोरगं वाचतं आणि आगीच्या वर लटकत ते दोघं एकमेकांचा हात घट्ट धरतात. त्यानंतर त्यांच्या मैत्रीवर एक अख्खं गाणं.

आता त्याच पिक्चरमधल्या लव्हस्टोऱ्या आठवा. सीता गावी वाट बघतेय. भीमला जेनी आवडते, पण दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांची ओळखही रामच करून देतो, तिच्या गाडीचा टायर पंक्चर करून! तीन तासांच्या सिनेमात संशय, विश्वासघात, शिक्षा, माफी, खांद्यावर उचलून तुरुंगातून बाहेर काढणं, हे सगळं या दोघांच्या वाट्याला आलंय. नायिकांच्या वाट्याला आलंय ते मुख्यतः काळजीने बघणं.

मार्च 2022 मध्ये सिनेमा थिएटरात आला, दोन महिन्यांत नेटफ्लिक्सवर पोचला आणि जगभरातल्या फॅन्सनी राम-भीमच्या शेकडो प्रेमकथा लिहिल्या. ‘काहीतरीच काय!’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. अल्लुरी सीताराम राजू आणि कोमाराम भीम हे खरे क्रांतिकारक एकमेकांना भेटल्याची इतिहासात नोंद नाही. म्हणजे राजामौलींनी स्वतःसुद्धा ‘हे दोघं भेटले असते तर’ हेच रंगवलंय. फॅन्सनी त्यापुढे एक पाऊल टाकलं, इतकंच.

या प्रकाराला स्लॅश म्हणतात. नाव आलं ‘स्टार ट्रेक’वरून. 1966 ते 69 या काळात ही मालिका अमेरिकन टीव्हीवर चालली आणि सत्तरच्या दशकात तिच्या चाहत्या बायकांनी कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथा लिहायला घेतल्या. स्वतःच अंक काढायचे आणि पोस्टाने एकमेकींना पाठवायचे. नुसत्या मैत्रीची कथा असेल तर दोन नावांच्या मधे ‘आणि’ची खूण, प्रेमकथा असेल तर तिरकी रेघ. ती रेघ म्हणजेच स्लॅश. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही फॅनकथांची साइट 2009 मध्ये सुरू झाली, तिच्यावर आजही हाच नियम चालतो. 2019 मध्ये या साइटला सायन्स फिक्शनमधला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आणि तिथल्या कथांमध्ये सगळ्यात मोठा गठ्ठा दोन पुरुषांच्या जोड्यांचाच आहे.

लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांत मुली भरपूर. मग प्रश्न येतोच, की मुलींना दोन मुलांच्या लव्हस्टोरीत एवढं काय सापडतं?

‘दोन हँडसम हिरो एका तिकिटात’ हे उत्तर खोटं नाही, पण ते फार लांब नेत नाही. जोआना रस ही अमेरिकन लेखिका स्वतः कर्क-स्पॉकच्या कथा आवडीने वाचायची. 1985 मध्ये तिने त्यावर एक निबंध लिहिला. तिचा मुद्दा साधारण असा, की या कथांमधलं प्रेम बरोबरीच्या दोघांचं असतं. कोण कुणाला वाचवणार, कोण आधी रडणार, कुणाचं काम जास्त महत्त्वाचं, हे मुलगा-मुलगी म्हणून आधीपासून ठरलेलं नसतं.

हे आपल्याकडे आणून बघा. लांजा किंवा गुहागरहून येऊन रत्नागिरीत होस्टेलवर राहणारी एखादी मुलगी रात्री चादरीखाली मोबाइलवर वाचतेय. नेहमीची लव्हस्टोरी उघडली की नायिकेबरोबर तिलाही परीक्षेला बसावं लागतं. नायिका गोरी आहे का, बारीक आहे का, तिच्या घरच्यांना कळलं तर काय होईल, कॉलेज सुटेल का, आणि शेवट गोड झालाच तर घर सोडून कोण जाणार? उत्तर माहीत असतं. आपल्या मालिकांमध्ये तर लग्न झालं की सासूचा ट्रॅक सुरूच. स्लॅशमध्ये यातलं काही नाही. तिथे तिच्यासारखं कुणीच नसतं, म्हणून तिला कुणी मोजतही नाही. कुणाचं आडनाव बदलत नाही, कुणाची पाठवणी होत नाही. प्रेम काय असतं हे तिला बाजूला बसून, निवांत बघता येतं. आणि वाचणारी स्वतःच मुलींच्या प्रेमात पडणारी असेल, किंवा वाचणारा मुलगा मुलाच्या, तर त्यांच्यासाठी या कथा विरंगुळ्याच्या पलीकडच्या असतात. घरी ज्या गोष्टीला शब्दसुद्धा नाही, ती तिथे साध्या वाक्यांत लिहिलेली सापडते.

गंमत म्हणजे दोन पुरुषांमधला शृंगार बघायची आपल्याला जुनी सवय आहे. शिमग्यात नमन बघायला जाणाऱ्यांना माहितीय, गवळणी आणि मावशी बहुतेक ठिकाणी पुरुषच रंगवतात. 1921 च्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये भामिनी होते बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले, आणि तो प्रयोग मराठी माणूस अजून विसरलेला नाही. फक्त तिथे दोघांपैकी एकाला बाई व्हावं लागतं. ‘अशी ही बनवाबनवी’तही तेच, भाड्याच्या खोलीसाठी का होईना. स्लॅशमध्ये कुणालाच लुगडं नेसावं लागत नाही. मला वाटतं, खरा फरक तिथे आहे.

पण सगळंच कौतुक करण्यासारखं नाही. जोडीच्या मधे येते म्हणून नायिकेला शिव्या घालणारे फॅन्स ढिगाने सापडतील. वाईट लिहिलं लेखकाने आणि राग काढायचा तिच्यावर! दुसरं म्हणजे खऱ्या माणसांची जोडी लावणं. पडद्यावरच्या पात्रांची लावा हवी तेवढी. पण वर्गात एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना ‘शिप’ करून ग्रुपवर मीम टाकणं वेगळं. आपल्याकडे दुपारची अफवा संध्याकाळच्या एसटीने गावी पोचते. त्यातला एक खरंच गे असला, तर तुमच्या गमतीची किंमत तो घरी मोजणार. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने अशा संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढलं, पण लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात नाकारला. फॅनकथेत दोन नायकांचं लग्न शेवटच्या पानावर लागतं. इथल्या रजिस्ट्रार ऑफिसात ते लागत नाही.

आणि ज्यांना फॅन्सनी लिहिलेलं नको, त्यांच्यासाठी मराठीत पुस्तकं आहेत. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये रंगमंचावर आलं, त्यातली सुमित्रा मुलीवर प्रेम करते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. कॉलेजच्या लायब्ररीत विचारून बघा. नसेल तर मागवायला सांगा.

राहिला एक प्रश्न. दोन मुलींच्या जोड्यांवर लिहिलेल्या कथा एवढ्या कमी का? त्याचं कारणही बहुतेक त्या पुलाखालीच आहे. जोडी जमायला दोघींना आधी एकत्र काहीतरी करायला मिळावं लागतं. भांडण, प्रवास, एखादा दोर. हिरोंना ते प्रत्येक दुसऱ्या पिक्चरमध्ये मिळतं. मराठीत 2021 च्या ‘झिम्मा’ने सात बायकांना एका बसमध्ये बसवून थेट इंग्लंड फिरवलं, भांडवलं, रडवलं, पुन्हा एकत्र हसवलं. सातजणी, एक बस, एवढ्या सगळ्या रात्री. फॅनकथा लिहिणाऱ्या मुलींनो, अजून कुणी सुरुवात केली नसेल तर जागा मोकळी आहे.