संगणकातले सूर – भाग ७ : माघारी फिरणारे स्वर

मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूरजवळ तापीकाठी एनएमआयएमएसचं संकुल आहे, आणि गावात आर. सी. पटेल यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय. इथे शिकणाऱ्या मुलांच्या हाती सिग्नलचं कोणतंही पाठ्यपुस्तक पडलं तरी त्यात एलियसिंग हा दोष म्हणूनच येतो आणि प्रकरणाचा सगळा भर तो टाळायचा कसा यावर असतो. त्याच तालुक्यात कुणी तरी घरच्या लॅपटॉपवर अहिराणी गाण्याला कीबोर्डची चाल लावत असतं, कुणी वरातीसाठी रीमिक्स जुळवत असतं. या मंडळींच्या कामाचा एक आवाज त्या दोषात दडलेला आहे. तो मुद्दाम कसा काढायचा, हा या आठवड्याचा विषय.

संगणक आवाज सलग साठवत नाही, ठरावीक अंतरानं त्याचे नमुने घेतो. सीडीसाठी हा वेग सेकंदाला ४४,१०० नमुने असा ठरला. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात जो विचार मांडला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ज्याला नेटकं गणिती रूप दिलं, तो सांगतो की नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्यापेक्षा कमी कंपनंच त्यात नीट पकडता येतात. म्हणजे सीडीच्या बाबतीत मर्यादा २२,०५० हर्ट्झ. माणसाचा कान साधारण २०,००० पर्यंत ऐकतो, तेव्हा ही मर्यादा पुरेशी वाटते.

पण संगणकाच्या आत तयार झालेलं एखादं कंपन मर्यादेच्या वर गेलं तर ते नाहीसं होत नाही. ते मर्यादेवर आपटून तेवढंच खाली उतरतं. हेच ते एलियसिंग. ३०,००० हर्ट्झचं कंपन १४,१०० हर्ट्झचं होऊन ऐकू येतं. महामार्गावरच्या ट्रकचं मोबाइलवर चित्रण केलं की कधी कधी चाकं उलटी फिरताना दिसतात. कॅमेऱ्याच्या चौकटी चाकाच्या वेगाला पुऱ्या पडत नाहीत म्हणून डोळ्यांना जे होतं, तेच इथे कानाला होतं.

मागच्या भागात सॉ वेव्ह, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर, पाहिली होती. तिच्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी कंपनं, म्हणजे हार्मोनिक, असतात. दहाव्याची ताकद मुळाच्या एकदशांश, विसाव्याची एक विसांश. आता कीबोर्डच्या अगदी उजवीकडचा, २,००० हर्ट्झच्या आसपासचा स्वर घ्या आणि कोणतीही काळजी न घेता साध्या आकडेमोडीनं त्याची सॉ वेव्ह बनवा. अकरावं हार्मोनिक २२,००० वर, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. बारावं २४,००० ला जायला हवं, ते २०,१०० वर येतं. तेरावं १८,१०० वर. विसावं ४,१०० वर, एकविसावं २,१०० वर. बाविसावं तर थेट १०० हर्ट्झवर उतरतं! तारसप्तकातल्या कर्कश स्वराच्या खाली एक खोल गुणगुण सुरू होते आणि ती त्या स्वराशी कुठल्याच नात्यानं जुळत नाही. २,१०० हर्ट्झचा तो पाहुणा तर मूळ स्वराच्या इतका जवळ बसतो की दोघांच्या भांडणातून खरखर उठते. घंटेसारखी, काचेसारखी किंवा पत्र्यासारखी वाटणारी जी धार डिजिटल आवाजात येते, ती इथून.

खरी गंमत स्वर सरकवल्यावर. पिच बेंडचं चाक वर ढकललं की मूळ स्वर चढतो, पण माघारी फिरलेले स्वर त्याच वेळी खाली उतरू लागतात. एका मींडेत दोन उलट्या दिशा. चरणजित सिंग यांनी १९८२ च्या सुमारास मुंबईत रोलँडच्या टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ वर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. त्या ध्वनिमुद्रिकेतल्या घसरणीत सगळा आवाज एकाच दिशेनं जातो, कारण ती वाद्यं ॲनालॉग आवाज काढणारी आहेत. तिथे नमुने नाहीत आणि आपटायला मर्यादाही नाही. माघारी फिरून असे उलटसुलट धावणारे स्वर ही संगणकाची देणगी आहे.

ही देणगी आधी नाइलाजानं मिळाली. स्मृती महाग होती, म्हणून नमुने कमी घेतले जात. १९८६ च्या कॅसिओ एसके-१ या लहान कीबोर्डात वेग सेकंदाला दहा हजारांच्याही आत होता. १९८७ मध्ये आलेलं ई-म्यूचं एसपी-१२०० सेकंदाला सुमारे २६,००० नमुने घेई आणि एकूण साठवण दहा सेकंदांची. अमेरिकेतले हिप-हॉप कलाकार ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर फिरवून आवाज आत घेत, मग यंत्रात तो उतरवून मूळ वेगावर आणत. जागा वाचे, आणि उतरवताना खरखरीत, किणकिणणारी झाक चढे. पुढे स्मृती स्वस्त झाली तरी त्या यंत्राला मागणी राहिली, ती या झाकेसाठीच.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मात्र पुढची अनेक वर्षं हा दोष घालवण्यात खर्च केली. आजचे चांगले सिंथ आतल्या आत कितीतरी पट वेगानं हिशेब करून, वरची कंपनं गाळून मग आवाज बाहेर देतात. म्हणूनच आता एलियसिंग हवं असेल तर ते मागावं लागतं.

मागण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे सर्ज एक्सटी. हा सिंथ मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याच्या ऑसिलेटरच्या यादीत 'एलियस' नावाचाच एक प्रकार आहे. तो निवडा, वरच्या सप्तकात एक स्वर धरून ठेवा आणि पिच बेंड हळूहळू वर न्या. मग त्याच जागी 'मॉडर्न' ऑसिलेटर लावून तेच वाजवा. फरक समजायला कसलंही शिक्षण लागत नाही. व्हायटल हा दुसरा सिंथ, त्याचीही मोफत आवृत्ती मिळते. त्याचा मूळ आवाज स्वच्छ असतो, पण डिस्टॉर्शनच्या यादीत 'डाउन सॅम्पल' आहे. त्यानं नमुन्यांचा वेग पाडला की मर्यादाच खाली येते आणि मधल्या सप्तकातले स्वरही दुमडू लागतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायला हवी : एलियसिंग म्हणजे गोंगाट नव्हे, तो हिशेब आहे, त्यामुळे तो सुरात लावता येतो. वेग सेकंदाला ८,००० नमुने ठेवा आणि ४०० हर्ट्झचा स्वर वाजवा. ८,००० ला ४०० नं नि:शेष भाग जातो, म्हणून माघारी येणारं प्रत्येक हार्मोनिक आधीच्याच एखाद्या हार्मोनिकवर बसतं. आवाज धारदार होतो, पण सुरेल राहतो. तोच स्वर ४१० वर नेला की विसावं हार्मोनिक २०० वर आणि एकोणिसावं २१० वर उतरतं, आणि सगळं विस्कटतं. षड्ज पहिल्या प्रकारात बसवून बाकीचे स्वर त्याभोवती कमीजास्त विस्कटू देणं, हा चाल बांधणाऱ्यासाठी सुरेख मार्ग आहे. तबल्याला शाई लावताना जेवढी काळजी, तेवढी इथे हवी.

वरातीसाठी काम करणाऱ्यांनी आणखी थोडं जपावं. गाडीवरचे कर्णे नेमका वरचा, टोचणारा भाग पुढे काढतात. हेडफोनवर गोड वाटलेली किणकिण रस्त्यावर कानात घुसते. आणि एकदा श्राव्य पट्ट्यात उतरलेला स्वर नंतर वेगळा काढता येत नाही, फिल्टर लावला तर सोबतचा चांगला भागही जातो. म्हणून दुमडलेला थर वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, मूळ चालीखाली हलका मिसळा, आणि मिश्रण पक्कं करण्याआधी एकदा खऱ्या कर्ण्यावर ऐका. पुढच्या आठवड्यात नमुन्यांच्या वेगाऐवजी त्यांची खोली कमी करू : सोळा बिटांवरून आठवर, आणि तिथून चारवर.