चिडीचा रोजा आणि कांद्याच्या सालीचे पंख

रमजानमध्ये दिवसातला सगळ्यात लांब वेळ कुठला, असं आमच्या घरातल्या मुलांना विचारा. उत्तर एकच येईल : असर ते मगरिब. असर म्हणजे दुपार कलल्यानंतरची नमाज आणि मगरिब सूर्यास्ताची. मगरिबच्या अजानला रोजा सुटतो. घड्याळात हा वेळ दीड-पावणेदोन तासांचा. पण स्वयंपाकघरात भज्यांसाठी कांदा चिरला जातोय, कलिंगडाच्या फोडी ताटात पडताहेत आणि आपल्याला मात्र काही तोंडात टाकायचं नाही, अशा अवस्थेत आठ वर्षांच्या पोरीला तो केवढा वाटत असेल?

खरं तर तिच्यावर रोजा बंधनकारक नाही. वयात येईपर्यंत कुठल्याच मुलावर नसतो. पण मोठ्यांचं बघून मुलांना हौस असते आणि ती भागवण्यासाठी आमच्याकडे 'चिडी का रोजा' नावाची सोय आहे. पहाटे सहरीला उठायचं, दुपारी जेवायचं आणि जेवल्यावर पुन्हा रोजेदार व्हायचं. चिमणीएवढा रोजा! धाकटीने दोन वर्षं हे चिमणीचे रोजे केले. या वर्षी मात्र पहिल्याच रविवारी तिने पूर्ण रोजा धरला. पाच वाजेपर्यंत बाईसाहेब ठीक होत्या. मग ओठ सुकले आणि दर चार मिनिटांनी 'किती वाजले?' सुरू झालं. अकरा वर्षांचा थोरला 'माझा सातवा रोजा आहे' म्हणून तिला चिडवत होता. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी झारा उगारून मला सांगितलं, "या दोघांना इथून घेऊन जा, नाहीतर आज इफ्तारला भजी नाहीत."

घेऊन गेलो सोप्यात. पण करायचं काय? मोबाइल दिला तर वेळ जातो, पण त्याच मोबाइलवर वेळही दिसते. मी शिंप्याचा मुलगा असलो तरी माझ्या हातांना खडू सोडून दुसरं काही येत नाही. तेवढ्यात समोर अंड्यांचा रिकामा ट्रे दिसला, तीस अंड्यांचा, राखाडी लगद्याचा. कोपऱ्यात सुताचे पुठ्ठ्याचे कोन पडले होते. आमच्या यंत्रमागांच्या गावात हे कोन घरोघरी सापडतात. कुणी त्यात पेन ठेवतं, कुणी त्याने चूल पेटवतं. आणि आदल्या दिवशीच्या इफ्तारच्या खजुरांच्या बिया खिडकीत बशीत तशाच होत्या. "चला, उंट करू," मी म्हणालो. रमजान म्हटलं की खजूर आणि खजूर म्हटलं की उंट. माझी कल्पनाशक्ती एवढीच.

आधी खळ केली. चमचाभर मैदा थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचा. तो पारदर्शक दिसू लागला की उतरवायचा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. मोरचूद विषारी असतं, मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत ते बिलकुल नको. रोजचा रोज ताजी खळ केली की झालं. ढवळणारी धाकटी चमचा चाटण्याच्या बेतात होती, थोरल्याने वेळेवर ओरडून तिचा रोजा वाचवला.

ट्रेमधला एक खळगा कडेचा पुठ्ठा थोडा राखून कापला आणि पालथा घातला की उंटाची पाठ आणि वशिंड एकदमच होतं. एकच खळगा घ्यायचा, कारण अरबस्तानातल्या उंटाला एकच वशिंड. दोन वशिंडांचा उंट मध्य आशियातला. आपल्याकडे तो लडाखच्या नुब्रा खोऱ्यात दिसतो. कडेच्या पुठ्ठ्याला कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले की झाले पाय. वर्तमानपत्राची पट्टी घट्ट गुंडाळून, खळ लावून, वाकवून मान. इथपर्यंत सोपं होतं. पण उंट उभा केला की तोंडावर पडायचा. तीनदा पडला. "याला पण रोजा लागलाय," धाकटी म्हणाली. थोरल्याने बराच वेळ निरखून मागच्या बाजूला, खळग्याच्या आत, खळीने एक खडा चिकटवला आणि उंट उभा राहिला. वजन कुठे पडतं हे त्याला पाठ्यपुस्तकात शिकवून झालंय. त्याचा त्या खड्याशी काही संबंध आहे, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुण्याच्या 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी अनेक वर्षं हेच काम केलं : आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूल खेळणं मोडू शकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. दुकानातलं महागडं खेळणं मोडलं की आपण मुलाला रागावतो. अंड्याच्या ट्रेचा उंट मोडला तर ट्रेमध्ये एकोणतीस उंट शिल्लक असतात.

मधमाशी मात्र धाकटीचा स्वतःचा शोध. खजुराच्या बीला एका बाजूने उभी चीर असते. त्या चिरेत खळ भरून पिवळ्या-काळ्या दोऱ्याचे पट्टे गुंडाळायचे आणि दोऱ्यांच्या मधून चिरेतच पंख रोवायचे. पंख कशाचे? कांद्याच्या सगळ्यात वरच्या सालीचे. कागदासारखं पातळ, किंचित लालसर, आत शिरा दिसणारं ते साल उजेडात धरून बघा. मी पंचेचाळीस वर्षं ते केरात टाकत आलो. दोन गोष्टी सांभाळायच्या : बी धुऊन दिवसभर उन्हात वाळवलेली हवी, गुळगुळीत ओल्या बीला खळ धरत नाही, आणि साल फार कोरडं असेल तर कात्री लागताच त्याचा भुगा होतो, म्हणून कापण्याआधी ओल्या बोटांनी त्याला नुसता हात लावायचा.

मधमाशी आली म्हणून मी तिला सांगितलं की कुरआनच्या ११४ सूरांपैकी काहींची नावं प्राण्यांवरून आहेत. बकरा म्हणजे गाय, अनकबूत म्हणजे कोळी, नमल म्हणजे मुंगी, फील म्हणजे हत्ती, नहल म्हणजे मधमाशी. त्यात मधमाशीला डोंगरात, झाडांवर घरं करायला सांगितलंय आणि अरबीत ती आज्ञा स्त्रीलिंगी क्रियापदात आहे. सुलैमानच्या फौजेपासून आपल्या बहिणींना सावध करणारी मुंगीही स्त्रीलिंगीच बोलते. भाषेच्या मास्तराला असल्या गोष्टींचं अप्रूप. धाकटीने एवढंच विचारलं, "मग हत्ती?" हत्तीचं काम थोरल्याने केलं : उभ्या कोनाला चिंध्यांचे कान, जुन्या पायमोज्याची सोंड. अब्रहाच्या सैन्यातला तो हत्ती काबाकडे जायलाच तयार नव्हता, मक्केच्या वेशीवर बसून राहिला, ही जुनी कथा सांगितल्यावर सोंड जरा खाली वळवण्यात आली.

इतक्यात शेजारच्या काकूंचा नातू आला. त्याला रोजा नव्हता, पण हे दोघं उपाशी म्हणून हातातलं बिस्किट त्याने न सांगता खिशात ठेवलं. त्याने उंटाचाच खळगा घेतला, पुढे सरकवला, काड्यांची शिंगं लावली आणि त्याचा बैल झाला. बेंदराचा बैल. मग म्हणाला, "काका, मोहरी द्या. डोळे राहिले."

आतल्या खोलीत तस्बीह ओढत बसलेल्या अम्मीचा आवाज आला, "आँखां नक्को रे बाबा."

सोप्यात सगळे गप्प झाले. मी सर्वांत जास्त.

आमच्याकडे आषाढात बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल आणतात, हे वाचकांना सांगायला नको. मी तिसरीत असताना मित्राच्या आजीने मलाही एक बैल दिला होता. कच्च्या मातीचा, चुन्याचे डोळे काढलेला. घरी आणला आणि अम्मीने दारातच थांबवलं. सजीवाची मूर्ती घरात नको. त्यात डोळे असलेली. मी तो परत मित्राकडे ठेवून आलो. मी रडलो की नाही आठवत नाही. तो त्यांच्या फडताळात कुठे ठेवला होता, ते मात्र आजही सांगू शकतो. त्या रात्री अब्बांनी दुकानातल्या कतरणींतून एक उंट शिवून आणला. आत चिंध्या ठासून भरलेल्या, डोळे नाहीत. मी फुरंगटून म्हणालो, हा आंधळा आहे. अब्बांनी खिशातून दोन शर्टाची बटणं काढून माझ्या हातावर ठेवली आणि झोपायला गेले. ती बटणं वर्षभर माझ्या कंपासपेटीत होती. मी ती शिवली नाहीत. का, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पुढे एम.ए.नंतर वाचताना दोन हदीस सापडल्या आणि दोन्ही वेळा तो उंट आठवला. पहिली बुखारीतल्या रोज्याच्या प्रकरणात आहे, मुलांच्या रोज्याबद्दलची. मदिनेच्या रुबय्यि बिन्त मुअव्विज सांगतात की आशुराच्या दिवशी आम्ही मुलांनाही रोजा ठेवायला लावायचो, त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करायचो आणि कुणी भुकेने रडू लागलं की रोजा सुटेपर्यंत ते खेळणं त्याच्या हातात द्यायचो. म्हणजे असर ते मगरिबचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच्या आयांनाही पडला होता आणि त्यांनी घरातली लोकरच हाताशी घेतली! त्या लोकरीची मेंढी झाली, उंट झाला की नुसताच गोळा, ते मात्र त्या सांगत नाहीत.

दुसरी अबू दाऊदमध्ये आहे. हजरत आयेशांच्या बाहुल्यांमध्ये पैगंबरांना एक घोडा दिसला, चिंध्यांचे दोन पंख लावलेला. घोड्याला पंख? असं त्यांनी विचारलं. सुलैमानकडे पंखांचे घोडे होते हे तुम्ही ऐकलं नाही का, असं आयेशांनी उलट विचारलं आणि पैगंबर मनमोकळं हसले. चिंध्यांचे पंख! माझ्या शिंपी बापाला ही हदीस सांगायची राहून गेली.

आता इथे प्रामाणिक राहायला हवं. चित्रं आणि प्रतिमांबद्दल कडक शब्दांतल्या हदीसही आहेत. आयेशांच्याच घरातला चित्रांचा पडदा पैगंबरांना खटकला होता आणि तो उतरवला गेला. अम्मी काही मनाचं सांगत नव्हती. अनेक फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, मुलांची खेळणी या बंदीतून वेगळी काढली. काहींनी तिथेही हात आखडता घेतला. मी फतवा देणारा माणूस नाही. पण एक तक्रार माझी आहे आणि ती अम्मीबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. हे सगळं वाचून मला वीस वर्षं झाली. वर्गात मी ते सांगितलं, लेखांतही लिहिलं. घरात अम्मीसमोर बसून कधी बोललो नाही. शिकलेल्या मुलाने आईला धर्म शिकवायचा नसतो, असा काहीतरी संकोच. त्या संकोचाला मी इतकी वर्षं अदब म्हणत आलो.

त्या रविवारी बोललो. तीन मुलं बघत होती म्हणून बोलावं लागलं. आत जाऊन अम्मीजवळ खाली बसलो आणि रुबय्यिंची गोष्ट सांगितली, मग घोड्याची. ती शांतपणे ऐकत होती. घोड्यापाशी तिच्या तोंडावर हसू आलं, ते तिने दुपट्ट्याने टिपलं. मग म्हणाली, "नमाज के कमरे में नक्को." डोळ्यांबद्दल काही बोलली नाही. मी उठत होतो तेव्हा म्हणाली, "तेरे अब्बा उस रात मेरे कू पूछ केच बटनां लेको आये थे."

चाळीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

सोप्यात परत आलो तर बैलाला मोहरीचे डोळे लागले होते. काकूंचा नातू आपल्या घरून मोहरी घेऊन आला होता. आमच्या धाकटीने मधमाशीला डोळे लावले नाहीत. दादीला आवडत नाही म्हणून, असं ती म्हणाली. थोरल्याने हत्तीला एकच लावला. दुसरा भिंतीकडे आहे म्हणे. मी कुणालाच काही सांगितलं नाही. तिघांनी मिळून सगळी जनावरं सोप्यातल्या फळीवर मांडली, उंट सर्वांत पुढे. मग अजान झाली आणि 'किती वाजले' हे तासाभरात कुणीच विचारलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. काकूंच्या नातवाने खिशातलं बिस्किट काढलं, त्याचा चुरा झाला होता. तो आमच्याबरोबरच ताटावर बसला.

घाईत मधमाशीच्या पंखावर कुणाचा तरी हात पडला आणि साल मोडलं. धाकटीचे डोळे भरले, पण तोंडात खजूर होता, त्यामुळे रडणं पुढे ढकललं गेलं. कांदे काय, रोजच चिरले जातात.

अम्मीला साखरेचा त्रास आहे, ती रोजा सोडायला एकच खजूर घेते. सोमवारी सकाळी खिडकीतल्या बशीत एक बी वेगळी वाळत घातलेली होती, स्वच्छ धुतलेली.