गळती कुठे आहे?

भातसानगरला पाहुणे आले की आम्ही त्यांना धरण दाखवायला नेतो. ईदनंतरच्या अशाच एका फेरीत धाकट्याने विचारले, "इथून सोडलेले सगळे पाणी मुंबईला पोहोचते का?" आम्ही सांगितले, इथे किती सोडले ते मोजायचे, खाली पिसेला किती आले तेही मोजायचे. कमी भरले तर वाटेत कुठेतरी पाणी जिरले, उपसले किंवा गळले.

खगोलशास्त्रज्ञांनी विश्वाचा हिशेब असाच तपासून पाहिला आहे.

दूरच्या ताऱ्यांचे स्फोट अपेक्षेपेक्षा अंधूक दिसतात, त्याअर्थी विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे, असे १९९८ मध्ये दिसून आले. या वेगामागच्या अज्ञात कारणाला 'डार्क एनर्जी' म्हणतात. विश्वातल्या एकूण ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा तिचाच, असे मानतात. काही शास्त्रज्ञ मात्र म्हणाले, अशी ऊर्जा मुळी नसेलच. लांबी, रुंदी, उंची आणि काळ यांपलीकडे आणखी एक मिती असेल आणि फार लांबच्या पल्ल्यावर गुरुत्वाकर्षण तिच्यात झिरपून क्षीण होत असेल. म्हणजे गळतीच!

कल्पना छान, पण मोजायचे कसे?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी संधी आली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांची गुरुत्वलहर अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो वेधशाळांनी टिपली. पाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात एवढाच फरक! गुरुत्वलहरीचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारे डार्क एनर्जीचे अनेक सिद्धांत त्याच दिवशी अडचणीत आले.

मग गळतीचा हिशेब झाला. लहर किती क्षीण होऊन आली यावरून एक अंतर निघते, आणि ती ज्या दीर्घिकेतून आली तिच्या प्रकाशावरून दुसरे. लहर वाटेत गळली असती तर पहिले अंतर जास्त भरले असते. दोन्ही जुळली. एवढ्या पल्ल्यात तरी गळती सापडली नाही. सूक्ष्म, गुंडाळलेल्या मित्यांचा प्रश्न मात्र वेगळा. त्यांना ही कसोटी लागू पडत नाही.

या टकरीच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्यांत आपल्या शेजारची एक दुर्बीणही होती. मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुक्यात खोडद लागते. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी उभी आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभारायला २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. ती सुरू झाली की अशा लहरी आकाशात नेमक्या कुठून आल्या ते अधिक अचूक सांगता येईल.

धाकट्याला मात्र आधी पिसे बघायचे आहे.