प्रकल्पासाठी विषय निवडताना

गणिताच्या प्रकल्पाची वेळ आली, की वर्गात एकच प्रश्न ऐकू येतो, "विषय कोणता घ्यावा?" संभाव्यतेवर प्रकल्प करायचा म्हटले, तर कोणी म्हणतो, "उद्या पाऊस पडेल का, ते काढू या." कोणी म्हणतो, "क्रिकेटचा सामना कोण जिंकेल, ते शोधू या." हे विषय आकर्षक आहेत, पण उद्याचा दिवस एकदाच येतो. तोच सामना पुन्हा पुन्हा खेळवता येत नाही. मग आपले उत्तर कितपत बरोबर आहे, हे कसे पडताळणार?

विषयाची पारख करण्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा. काय काय घडू शकते, याची पूर्ण यादी करता येईल का? तो प्रयोग आपल्याला स्वतः अनेक वेळा करता येईल का? आणि तेवढ्या प्रयोगांत फरक स्पष्ट दिसेल का?

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. इटलीतील थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ (१५६४–१६४२) यांच्यापुढे एक कोडे आले होते. तीन फासे एकदम टाकले, तर ९ ही बेरीज सहा प्रकारांनी होते आणि १० ही बेरीजही सहा प्रकारांनीच होते. तरीही खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा पडताना का दिसते? गॅलिलिओंनी शक्यता मोजल्या. एकूण शक्यता २१६. त्यांपैकी २५ मध्ये बेरीज ९ येते आणि २७ मध्ये १० येते. याचे कारण सोपे आहे. ३, ३, ३ हे आकडे एकाच रीतीने पडतात. पण ३, ३, ४ हे तीन रीतींनी पडतात. बाकीच्या पाच प्रकारांच्या रीती दोन्हीकडे २४ च भरतात.

प्रश्न सुंदर आहे. पण शाळेच्या प्रकल्पाला तो सोयीचा नाही. फासे २१६ वेळा टाकले, तरी सरासरीने फरक पडणार फक्त दोनचा. एवढा लहान फरक आपल्या नोंदीत दिसेलच असे नाही.

त्यापेक्षा लुडोचे दोन फासे घ्या. एकूण शक्यता ३६. त्यांपैकी ७ ही बेरीज सहा शक्यतांमध्ये येते, तर २ ही बेरीज एकाच शक्यतेत येते. फासे ३६० वेळा टाकले, तर ७ सुमारे ६० वेळा आणि २ सुमारे १० वेळा यावी. हा फरक लपणार नाही. एकाने फासे टाकावेत, दुसऱ्याने बेरीज सांगावी, तिसऱ्याने नोंद करावी.

फासे नको असतील, तर आपले उर्दूचे पुस्तक उघडा. एका पानावरील ५०० अक्षरे मोजा. कोणते अक्षर किती वेळा आले, त्याचा तक्ता करा. दुसऱ्या पानावर कोणते अक्षर सर्वांत जास्त येईल, हे आधी लिहा आणि मग मोजा. नवव्या शतकात बगदादमधील विद्वान अल-किंदी यांनी अक्षरांच्या अशाच मोजणीवरून गुप्त लिपीतील मजकूर उलगडण्याची रीत सांगितली होती.

आता शेवटची गोष्ट. तुमच्या प्रयोगात ७ ही बेरीज ६० ऐवजी ५३ वेळा किंवा ६८ वेळाही येईल. तेव्हा वहीतील आकडा बदलण्याचा मोह होईल. तो आवरा. संभाव्यता पुढचा फासा सांगत नाही. अनेक फाशांचा कल सांगते. जे आले तेच लिहा आणि हिशेबापेक्षा ते किती वेगळे आले, हेही लिहा. खरा आकडा हिशेबाशी तंतोतंत जुळला नाही, म्हणून प्रकल्प फसत नाही. खोटा आकडा लिहिला, तर मात्र फसतो.