भाडोत्री फौज: खेळातली आणि खरी

हैदराबादेत आबिड्सच्या चौकातून बशीरबागेकडे निघालं की गनफाउंड्री लागते. जुने लोक अजून ‘तोप का साँचा’ म्हणतात. निजामअलीच्या पदरी असलेल्या मिशेल रेमों या भाडोत्री फ्रेंच सेनानीने इथे तोफा ओतायचा कारखाना उभारला होता. प्राचीन ग्रीसवरच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये भाडोत्री पलटणी घालायच्या म्हणून हल्ली मुलं क्रीटचे तिरंदाज, रोड्सचे गोफणवाले, थ्रेसचे भालेकरी अशा याद्या करतात. हल्ला इतका, बचाव इतका, किंमत इतकी. आकडे बहुतेक बरोबर असतात, पण भाडोत्री फौज चालते कशी ते त्यात येत नाही. ते समजून घ्यायला हैदराबाद ही चांगली जागा आहे.

गैरसमज: खजिन्यात पैसे असले की बटण दाबून पलटण मिळते.

पलटण विकत मिळत नसे, मिळे तो तिचा नायक. इ.स.पू. 401 मध्ये धाकट्या सायरस या पर्शियन राजपुत्राने भावाची गादी घ्यायला सुमारे दहा हजार ग्रीक जमवले, ते क्लिअर्कस, प्रॉक्सेनस, मेनन अशा नायकांमार्फत. प्रत्येकाने आपापली माणसं आणली, आणि माणसं ओळखत ती नायकाला. दोघा नायकांची काही माणसं क्लिअर्कसकडे गेली आणि सायरसने ती त्याच्याकडेच राहू दिली, तेव्हा ते दोघे रागाने गलबतात बसून चालते झाले. हैदराबादेत अरबांचे जमादार याच पद्धतीचे होते: करार जमादाराशी, अरब त्याचे. रेमोंची सुरुवातही अशीच, पण छोटी. तीनशे माणसं, आणि बंदुका एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून दर नगाला महिना आठ आणे भाड्याने घेतलेल्या, अशी नोंद आहे. माणसंही भाड्याची, हत्यारंही भाड्याची! गेममध्ये असा नायक ठेवा. तो रुसला तर पलटणही गेली पाहिजे.

गैरसमज: भाडोत्री म्हणजे परदेशी.

रेमोंच्या फौजेला सगळे ‘फ्रेंच’ म्हणत. वरचे मूठभर अधिकारी फ्रेंच, बंदूक खांद्यावर घेणारे बहुतेक इथलेच. सायरसच्या ग्रीकांतही निम्म्याहून जास्त शिपाई अर्केडिया आणि अकाया या दोनच भागांतले होते. अर्केडिया म्हणजे डोंगराळ, गरीब मुलूख. भाडोत्री ओळखायचा तो परकेपणावरून नव्हे, गरजेवरून.

गैरसमज: भाडोत्री शिपाई ऐन वेळी पळतो किंवा फितूर होतो.

आपल्याकडे हा समज पक्का आहे, कारण गारदी, म्हणजे कवायती पायदळातले भाडोत्री शिपाई, म्हटलं की 30 ऑगस्ट 1773 आणि शनिवारवाड्यातला नारायणराव पेशवा आठवतो. खून गारद्यांनी केला हे खरंच. पण ते वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करत. ओरडीमागे कट होता, तरी ती कोणालाही खोटी वाटली नाही, इतकी पगाराची थकबाकी तेव्हा नेहमीची होती.

याच गारद्यांची दुसरी बाजू पानिपतात दिसते. इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी ब्यूसीच्या तालमीतला. आधी निजामाकडे, मग मराठ्यांकडे. शिपायांचा पगार महिन्याच्या महिन्याला, रोख मिळावा म्हणून तो अडून बसे आणि मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब त्यावर नाराज असत. काशीराज पंडिताच्या बखरीत 14 जानेवारी 1761 च्या सकाळचा प्रसंग आहे. इब्राहिमखान भाऊंकडे जाऊन सांगतो की तुम्ही माझ्यावर या हट्टासाठी रागावलात, या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि आम्हाला काहीच मिळालं नाही, तरी आजवर घेतलेला पैसा फुकट घेतला नाही हे आज दाखवतो. त्याच्या बहुतेक पलटणी रोहिल्यांशी लढताना कापल्या गेल्या आणि तो स्वतः पकडला जाऊन मारला गेला. काही मातब्बर सरदार मात्र त्याच दिवशी लढाई संपायच्या आत रणातून निघाले होते, आणि ते भाडोत्री नव्हते.

म्हणून गेममध्ये ‘निष्ठा’ असा आकडा घालू नका, थकबाकीचा घाला. सायरसचे ग्रीक टार्ससला पोचल्यावर अडले. आपल्याला थेट पर्शियाच्या राजावर नेतायत असा त्यांना संशय आला, आणि पुढे चला म्हणणाऱ्या क्लिअर्कसवर त्यांनी दगड फेकले. महिन्याच्या एका दारिक नाण्याचे दीड झाले, तेव्हा पुढे निघाले. हैदराबादेत निजाम आणि इंग्रज यांच्या 1 सप्टेंबर 1798 च्या तहाने रेमोंची फौज मोडायची ठरली. रेमों मार्चमध्येच वारला होता आणि शिपायांचा पगार तुंबला होता. त्यांनी बंड केलं, पण इंग्रजांविरुद्ध नव्हे. स्वतःच्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना, रेमोंच्या जागी आलेल्या पिरोंसकट, कोंडून ठेवलं. 22 ऑक्टोबरला ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींनी वेढा घातला, कंपनीचा अधिकारी माल्कम याने थकबाकी द्यायचा शब्द दिला, आणि दहा हजारांहून जास्त माणसांनी रक्त न सांडता हत्यारं खाली ठेवली. गेममध्ये अशी चाल कधी खेळायला मिळाली आहे? समोरची फौज तिचा चढलेला पगार भरून बाद करायची.

गैरसमज: गोफणवाले म्हणजे स्वस्तातली भरती.

बहुतेक गेममध्ये गोफणीचा पल्ला धनुष्याहून कमी ठेवतात. सायरसच्या त्याच ग्रीकांतल्या झेनोफनचा अनुभव उलटा होता. सायरस मारला गेल्यावर माघारीच्या वाटेवर क्रीटच्या तिरंदाजांचे बाण पर्शियन तिरंदाजांपर्यंत पोचेनात. मग सैन्यातच असलेल्या रोड्सच्या माणसांतून दोनशे गोफणवाले निवडले. पर्शियन गोफणीत मुठीएवढे दगड, रोड्सवाल्यांकडे शिशाच्या गोळ्या. त्यांचा मारा शत्रूच्या गोफणींच्या दुप्पट लांब जाई.

गैरसमज: लढाई संपली की पलटण यादीतून काढली, विषय संपला.

इ.स.पू. 241 मध्ये रोमशी तह झाला आणि कार्थेजने भाडोत्र्यांच्या पगारात घासाघीस सुरू केली. ते उलटले आणि पुढची तीनेक वर्षं कार्थेज स्वतःच्याच जुन्या फौजेशी लढत बसलं. हैदराबादेत तशी वेळ आली नाही, माणसं इथेच राहिली. हब्शी घोडेस्वारांची वस्ती एसी गार्ड्स, हद्रमौतच्या अरबांची बारकस, म्हणजे बराकी. बारकसला आजही सकाळी अरबी हरीस मिळतो. आणि उमर बिन अवद अल-कुऐती नावाच्या जमादाराच्या घराण्याने हैदराबादेत कमावलेल्या पैशावर तिकडे हद्रमौतमध्ये स्वतःची सल्तनत उभी केली. ती 1967 पर्यंत टिकली, म्हणजे निजामाच्या राज्यानंतरही जवळजवळ वीस वर्षं.