नेझबीचे बुणगे

मे महिन्याच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे इंग्लंडला गेले होते. तो लेस्टरला असतो. लंडन झाले, शेक्सपिअरचे गाव झाले, तेव्हा त्याने विचारले, "ताई, आता काय राहिले?" मी म्हटले, "नेझबी." बारा वर्षांत त्याने हे नाव ऐकले नव्हते, आणि गाव घरापासून मोटारीने तासाच्या आत! पण पुण्यात जन्मून सिंहगड न चढलेली माणसे मला ठाऊक आहेत, तेव्हा मी हसले नाही.

नेझबी हे एक लहानसे खेडे. शेक्सपिअरच्या गावावरून वाहणारी एव्हन नदी इथेच उगम पावते. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि त्याची पार्लमेंट यांच्यात १६४२ साली जी यादवी पेटली, तिचे पारडे १४ जून १६४५ रोजी याच गावाबाहेर फिरले. (शिवराय तेव्हा पंधरा वर्षांचे होते, हे मनात आल्यावाचून कसे राहील?)

गावाच्या उत्तरेला, रस्त्यालगतच्या उंचवट्यावर रणभूमी पाहण्याची जागा केली आहे. पार्लमेंटचा सेनापती फेअरफॅक्स याची फौज याच धारेवर उभी होती. समोर एक उथळ खोरे, पलीकडच्या चढावर राजाची फौज. डावीकडे सल्बीचे झुडपी कुंपण. त्याच्या आडून पार्लमेंटचे बंदूकवाले गोळ्या झाडत होते. आज मात्र मोहरीसारखे पिवळे शेत आणि वाऱ्याचा आवाज.

राजाचा भाचा रूपर्ट याच्या घोडदळाने डावी फळी फोडली आणि ते दौडत थेट सामानाच्या गाड्यांपर्यंत गेले. परत येईतो इकडे क्रॉमवेलने उजवीकडचे शत्रूचे घोडदळ हटवून राजाच्या पायदळाला घेरले होते. चार हजारांवर माणसे कैद झाली, आणि राजाची खासगी पत्रेही सापडली. ती छापून त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडण्यात आली. १६४९ च्या जानेवारीत राजाचे डोकेच गेले.

हे सारे मी आधी वाचले होते. मला पाहायचे होते ते निराळेच.

पानिपतामुळे 'बुणगे' हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. लढाई हरली की पहिला बळी त्यांचा. राजाच्या फौजेमागेही असाच तळ होता. शिपायांच्या बायका, स्वयंपाक करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या. पळापळीत पाठलाग करणाऱ्यांनी त्यांतल्या शंभराच्या आसपास बायकांना ठार केले, आणि कितीतरी जणींचे चेहरे विद्रूप करून सोडले. त्या आयरिश होत्या, त्यांच्यापाशी सुरे होते, असे विजेत्यांच्या पत्रकांनी छापले. आयरिश कैद्यांना जीवदान देऊ नये, असा पार्लमेंटचा हुकूम १६४४ मध्येच सुटला होता. पण राजाच्या पायदळात वेल्सचे लोक पुष्कळ होते, आणि अनेक इतिहासकारांच्या मते या बायका वेल्सच्या असाव्यात. त्या वेल्श बोलल्या असतील. मारणाऱ्यांना ती भाषा कळली नाही. सुरे म्हणाल तर भाजी चिरायला कुणाजवळ नसतात?

क्रूरता एकाच बाजूची होती असे मात्र नाही. दोनच आठवड्यांपूर्वी राजाच्या फौजेने लेस्टर लुटले होते. भावाचे घर आज त्याच शहरात आहे.

हे मी त्याला सांगत होते, आणि वाऱ्यामुळे आम्हा दोघांचा आवाज चढला होता. तेवढ्यात कुत्रे घेऊन फिरायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ थांबले. टोपीला हात लावून त्यांनी विचारले, "आपण कुठली भाषा बोलता?"

प्रश्न अगदी साधा, आवाजही आर्जवी. तरी त्या जागेवर माझ्या अंगावर क्षणभर काटा आला. मी म्हटले, "मराठी."

"मराटी," त्यांनी म्हणून पाहिले. आणि मान हलवत म्हणाले, "माझी आजी वेल्श बोलायची. मला एक शब्द येत नाही."

कुत्र्याने साखळी ओढली, तसे ते उतारावरून निघून गेले. भावाने विचारले, "ताई, निघायचे?" मी म्हटले, "थांब जरा." त्या बायका ज्या दिशेने पळाल्या, त्या उत्तरेच्या चढाकडे मी पाहत राहिले.